दोन्ही बाजूंचा एक्स

बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. पोटचा मुलगाही बाईच म्हणायचा. लहानपणी तो त्यांच्याच वर्गात होता, आणि वर्गात ‘आई’ म्हणून हाक मारली की त्या ओ देत नसत. घरी आल्यावर पुन्हा जीभ वळवायचा त्याला कंटाळा यायचा, म्हणून तेच नाव कायम झालं. लग्न होऊन सून घरात आली तेव्हा तिनं नवऱ्याला विचारलं, “मी काय म्हणू त्यांना?” तो म्हणाला, “बाईच म्हण. आई म्हटलंस तर मागे वळून बघतील, कुणाला हाक मारली म्हणून.”

मुलगा पाणीपुरवठा केंद्रात कामाला होता. नदीचं पाणी तिथे येतं, गाळलं जातं, त्यात क्लोरीन सोडतात आणि मग ते शहराच्या नळांना जातं. क्लोरीनच्या सिलिंडरची खोली आवाराच्या टोकाला, एकटी. तिथे तो आणि लंब्या आळीपाळीनं काम करायचे. लंब्या इतका उंच होता की प्रत्येक दारातून आत येताना मान खाली घालायचा, आणि त्यामुळे कायम काहीतरी चुकल्यासारखा दिसायचा.

एका मंगळवारी सकाळी सिलिंडर बदलताना जोडाचा वॉशर फुटला. दाराबाहेर खुंटीला मास्क असायला हवा होता. तो दुरुस्तीला गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा कुणी आणून ठेवला नव्हता. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. मुलगा पडला आणि त्यातच पडून राहिला. लोकांनी दार उघडलं तेव्हा तो दाराच्या अगदी जवळ होता. इतक्या जवळ, की दार उघडताना त्याच्या खांद्याला लागलं.

ती पाळी त्याची नव्हती. गुरुवारी मोकळं राहता यावं म्हणून त्यानं लंब्याशी पाळी बदलून घेतली होती. “सासऱ्यांच्या घराचं छप्पर गळतंय, गुरुवारी तिकडे जाऊन येतो,” असं त्यानं आदल्या दिवशी बाईंना जेवताना सांगितलं होतं. बाई तेव्हा म्हणाल्याही होत्या, “त्यांच्याकडे माणसं नाहीत का?” तो हसला होता.

लोक भेटायला येऊ लागले. पुढच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, माणसं जिन्यात उभी राहिली. त्या सगळ्यांच्या देखत बाई सुनेकडे तोंड करून म्हणाल्या, “तुझ्या बापाच्या छपरापायी गेला माझा मुलगा.” आवाज चढलेला नव्हता. वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं की सांगत, तसं सांगितलं त्यांनी. सगळ्यांनी सुनेकडे बघितलं. तिनं तोंड उघडलं नाही. हातात चहाचा ट्रे होता. तो तिनं जिन्यातल्या माणसांपुढे नेला.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. जागा तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची. पुढे खिडकीशी बाईंची खाट, मागे ओटा, टेबल आणि रात्री अंथरायची गादी. एवढ्याशा जागेत दोन बायका एकमेकींशी न बोलता राहत होत्या. सून ताट वाढून खाटेजवळच्या स्टुलावर ठेवायची. बाई ते आधी थोडं दूर सरकवायच्या, मग ती आत गेली की जवळ ओढून जेवायच्या. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. ताट जवळ ओढताना हात पेल्याला लागायचा, पाणी सांडायचं. सून मुकाट्यानं फडकं आणून पुसायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून ठेवलेलं होतं. पण आता बाईंपुढे तो विषय काढायची कुणाची हिंमत नव्हती.

केंद्रानं सुनेला कामावर घेतलं. नवऱ्याच्या जागी बायकोला घ्यायचा त्यांचा नियमच होता. पण कायम करायचं तर शाळेची शेवटची परीक्षा पास हवी, असाही नियम होता. सून ती परीक्षा कधीच पास झालेली नव्हती. गणितात गेली, मग पुन्हा बसली नाही, मग लग्न झालं. तोवर तिला हंगामी म्हणून गाळणीच्या टाक्यांवर ठेवलं. लांब दांड्याच्या ब्रशनं टाकीच्या भिंतींवरचं शेवाळ खरवडायचं, वाळूवरचा गाळ ओढायचा. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या हातांना ओल्या पोत्यासारखा वास यायचा.

ती संध्याकाळच्या वर्गाला जाऊन परीक्षेला बसली. बाकी सगळे विषय निघाले, गणित राहिलं. आस्थापनेच्या साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. बोलताना तो सारखा पेनाचं टोपण काढत आणि लावत होता.

“पुढच्या खेपेला गणित निघालं नाही, तर मला काही करता येणार नाही हो,” तो म्हणाला. “जागा दुसऱ्याला जाईल. माझ्या हातात असतं तर...”

“कळलं,” सून म्हणाली.

वर्ग तिनं सोडला. पाळीच्या वेळा आणि वर्गाच्या वेळा जुळतच नव्हत्या. घरी टेबलाशी बसून ती एकटीच पुस्तक उघडायची. बेरीज-वजाबाकी तिला येत होती, टक्केवारी येत होती. एकाच बाजूला एक्स असलेली समीकरणंही ती सोडवायची. पण दोन्ही बाजूंना एक्स आला की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग ती मोठ्यानं वाचायची, म्हणजे निदान झोप येऊ नये.

“सात एक्स वजा चार बरोबर तीन एक्स अधिक वीस,” एका संध्याकाळी ती वाचत होती. “सात एक्स आणि तीन एक्स दहा एक्स. वीसमधून चार गेले सोळा. दहा एक्स बरोबर सोळा. एक्स बरोबर...”

“चूक.”

सून दचकली. पुढच्या खोलीतून आवाज आला होता. इतके महिने त्या आवाजानं तिच्याशी एक शब्द काढलेला नव्हता.

ती तशीच बसून राहिली. बाई खाटेवर उठून बसल्या होत्या. तोंड खिडकीकडेच होतं.

“पुन्हा वाच,” बाई म्हणाल्या.

तिनं वाचलं.

“तीन एक्स कुठे आहे?”

“उजवीकडे.”

“मग तू त्याला डावीकडच्या सातात नेऊन कसं मिसळलंस?”

“वर्गात सांगितलं होतं, पद बाजू बदलतं आणि चिन्ह...”

“पदाला काय पाय फुटलेत? कुठलं पद कुठे जात नाही. उजवीकडचे तीन एक्स तुला नको आहेत ना? मग काढून टाक. पण एकाच बाजूचे काढून भागत नाही. उजवीकडून काढलेस तर डावीकडूनही तेवढेच काढ. काय उरलं?”

सुनेनं कागदावर खाडाखोड केली. “डावीकडे चार एक्स वजा चार. उजवीकडे वीस.”

“आता तो वजा चार घालवायचा.”

“दोन्हीकडे चार मिळवायचे. चार एक्स बरोबर चोवीस.” ती थांबली. “सहा.”

“पडताळा.”

“म्हणजे?”

“म्हणजे खरं का खोटं ते बघ. सहा घाल दोन्हीकडे.”

सात सक बेचाळीस, त्यातून चार गेले अडतीस. तीन सक अठरा आणि वीस, अडतीस. सुनेनं तो आकडा दोनदा लिहिला, डावीकडे आणि उजवीकडे. बाई परत आडव्या झाल्या. त्या संध्याकाळी आणखी काही बोलणं झालं नाही. ताट मात्र त्यांनी सरकवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सुरू झालं. बाईंना पान दिसत नसे, त्यामुळे सगळं तोंडी. सून वाचायची, बाई ऐकायच्या. समीकरण एकदा ऐकलं की ते त्यांच्या डोक्यात लिहिल्यासारखं राहायचं, आणि सून कुठल्या ओळीला घसरली ते त्यांना तिच्या आवाजावरूनच कळायचं. गणिताबाहेरचं बोलणं नव्हतं. “चूक”, “पुन्हा”, “पडताळा”, आणि कधी अगदीच जमलं तर “हं”.

“एक विचारू?” एकदा सून म्हणाली. “डावीकडचा एक्स आणि उजवीकडचा एक्स एकच असतो ना?”

“एकच.”

“मग दोनदा कशाला लिहायचा?”

बाईंच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. वर्गात हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचं. “कारण तो दोन्हीकडे अडकलेला असतो,” त्या म्हणाल्या. “दोन्हीकडून थोडा थोडा सोडवत एका जागी आणायचा, म्हणजे तो किती ते कळतं. चल, पुढचं.”

उत्तर वजा आलं की सुनेला ते खोटंच वाटायचं. पाच एक्स अधिक तीन बरोबर दोन एक्स वजा नऊ, याचं उत्तर वजा चार आलं तेव्हा ती सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून करायला बसली. बाई वैतागल्या. “आलंय ते बरोबर आहे. उत्तर तुला आवडायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?”

मग शाब्दिक उदाहरणं आली. सुनेनं पान उलटून वाचायला घेतलं. दिवसभर टाकीत उभी राहून कंबर धरली होती, वाचताना तिचं पुढे लक्ष नव्हतं.

“आईचं आजचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी आईचं वय मुलाच्या वयाच्या दुप्पट होईल. तर मुलाचं आजचं वय...”

ती गप्प झाली. पण उशीर झाला होता.

बराच वेळ बाईंचे हात चादरीची कड चाचपत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती.

“पुढचं घे,” बाई म्हणाल्या.

पुढचं उदाहरण दोन टाक्यांचं होतं, एकीतून पाणी जातं आणि दुसरीत येतं. ते सुटलं.

परीक्षा जवळ आली होती तेव्हा लंब्या घरी आला. अपघातानंतर त्यानं क्लोरीनच्या खोलीत पाय ठेवायला नकार दिला होता आणि मीटर वाचायचं काम मागून घेतलं होतं. तो या घरीही फिरकला नव्हता. त्या दिवशी परीक्षेच्या केंद्राचा पत्ता बदलल्याचं ऑफिसात कळलं, आणि सून आधीच घरी गेली होती, म्हणून साहेबांनी त्याला पाठवलं. दारातून तो मान खाली घालून आत आला, नव्या पत्त्याची चिठ्ठी सुनेला दिली आणि तशीच मान खाली घालून बसला. सुनेनं चहा ठेवला.

“वहिनी, अभ्यास कसा चाललाय?”

“बाई घेतात माझा.”

“हो का?” त्याला बरं वाटलं. त्यानं मान वर केली. बाई स्टुलावरचा पेला हातानं शोधत होत्या. ते बघून त्याचा चेहरा पडला. “बाई, तुमच्या डोळ्यांचं काय झालं मग? ऑपरेशन केलंत की नाही?”

“नाही.”

“अहो, करून टाका. त्याचा केवढा जीव अडकला होता त्यात. गुरुवारची वेळ मिळालीय म्हणून सारखा माझ्या मागे लागला होता, पाळी बदल, पाळी बदल. म्हणायचा, बाईंना आधी सांगितलं तर ‘तुझी सुट्टी फुकट घालवू नकोस’ म्हणून अडून बसतील. त्या दिवशी सकाळी सरळ रिक्षात घालून नेतो. आणि...”

तो बोलत होता, पण सून ओट्यापाशी वळून त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर तो थांबला. काय चुकलं ते त्याला कळेना. पण काहीतरी भयंकर चुकलंय एवढं कळलं.

“छप्पर?” बाईंनी विचारलं.

“कसलं छप्पर?” लंब्या म्हणाला.

चहा न पिताच तो गेला. जाताना दाराची चौकट कपाळाला लागली, तेवढा आवाज झाला.

सुनेनं गॅस बंद केला. पुढच्या खोलीत जाऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“तुला माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“हॉस्पिटलात वेळ घ्यायला आम्ही दोघंच गेलो होतो.”

“आणि मी तुला चारचौघांत एवढं बोलले, तरी तू गप्प बसलीस. माझी दया आली तुला?”

“नाही.” सुनेचा आवाज कोरडा होता. “दया नाही आली. पहिल्या दिवशी काही सुचलंच नाही. त्याला आणायचं होतं, तुम्ही काय बोलताय ते अर्धं मला ऐकूही येत नव्हतं. मग नंतर... नंतर मी ते ठेवून दिलं. तुम्ही ताट सरकवलंत की मनात म्हणायची, सांगू का आता? पण एकदा सांगितलं की संपलं. म्हणून पुरवून ठेवत होते. वाटायचं, बोलू देत आणखी. जितकं बोलतील तितकं कळल्यावर जास्त लागेल.”

बाई ऐकत होत्या. एखादी लांब रीत कुणी फळ्यावर मांडत असावं तशा, मध्ये न बोलता.

“मग लागलं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“बरं वाटलं?”

सुनेनं मान हलवली. मग बाईंना ते दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाली, “नाही.”

बाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सून कामावरून आली तर स्टुलावरचा भात तसाच वाळून बसलेला. तिनं तो गरम पाण्यात मऊ केला, चमचा घेऊन खाटेवर बसली आणि म्हणाली, “तोंड उघडा.”

“नको.”

“उघडा म्हणते ना. मला पाळी आहे, अभ्यास आहे. तुम्ही उपाशी मेलात तर लोक म्हणतील सुनेनं मारलं. आधीच एक गेलाय माझ्या नावावर.”

फार क्रूर बोलली ती. बोलल्यावर तिचं तिलाच ऐकवेना. पण बाईंनी तोंड उघडलं. चार चमचे खाल्ले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं ते थांबेना. मुलगा गेला त्या दिवशीसुद्धा त्या रडल्या नव्हत्या. सुनेनं चमचा ठेवला नाही. रडणं मध्ये थोडं ओसरलं की ती पुढचा घास द्यायची.

नंतर पुन्हा पुस्तक उघडलं गेलं. परीक्षा काही कुणासाठी थांबणार नव्हती. सून मागे पडलेली उदाहरणं गोळा करत होती. जे येत नाही ते सोडायचं, येतं ते पक्कं करायचं.

“ते वयाचं राहिलंय,” बाई म्हणाल्या.

“राहू दे. एका उदाहरणानं काही बिघडत नाही.”

“बिघडतं. ते दर वर्षी येतं. वाच.”

सुनेनं वाचलं. या वेळी शेवटपर्यंत.

“मुलाचं वय काय धरशील?”

“एक्स.”

“आईचं?”

“तीन एक्स. बारा वर्षांनी आईचं तीन एक्स अधिक बारा. मुलाचं एक्स अधिक बारा. त्याची दुप्पट...”

“सबंध वयाची दुप्पट. नुसत्या एक्सची नाही.”

“दोन एक्स अधिक चोवीस. म्हणजे तीन एक्स अधिक बारा बरोबर दोन एक्स अधिक चोवीस.”

“दोन्हीकडून?”

“दोन एक्स काढायचे. एक्स अधिक बारा बरोबर चोवीस. एक्स बारा.” तिचा आवाज बारीक झाला होता. “मुलगा बारा वर्षांचा. आई छत्तीस. बारा वर्षांनी मुलगा चोवीस, आई अठ्ठेचाळीस.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “तो बारा वर्षांचा होता तेव्हा मी छत्तीसचीच होते. कांजिण्या आल्या होत्या त्याला. खाजवू नये म्हणून हातांत मोजे घालून ठेवले होते, तर ते दातांनी ओढून काढायचा.”

ही गोष्ट सुनेनं कधी ऐकलेली नव्हती. नवऱ्याच्या कपाळावर, भुवईच्या वर, एक छोटा खड्डा होता. तो कशाचा, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी दारातल्या पर्यवेक्षकानं तिला अडवलं. “पालकांनी बाहेर थांबायचं,” तो म्हणाला. तिनं प्रवेशपत्र दाखवलं तेव्हा तो ओशाळला. बाक लहान मुलांच्या मापाचे होते, गुडघे वर आपटत होते. मागच्या बाकावरच्या दोघी तिच्याकडे बघून कुजबुजल्या, मग पेपर हातात पडल्यावर त्यांनाही दुसरं काही सुचलं नाही. भूमितीचं एक प्रमेय तिला आठवलंच नाही, ते तिनं सोडलं. एक समीकरण अपूर्णांकांनी भरलेलं होतं, दोन्हीकडे छेद. तिनं खाटेवरचा आवाज आठवला आणि ओळीखाली ओळ लिहीत गेली. डावीकडून काढलं ते उजवीकडून काढलं, इकडे गुणलं तिकडे गुणलं. उत्तर आलं ते विचित्र होतं, पाच सप्तमांश. तिनं पडताळून पाहिलं आणि तसंच ठेवलं.

निकाल लागला तेव्हा ती कामावरून धावत आली. जिना चढून दम लागला होता.

“निघालं,” ती म्हणाली.

“काठावर?”

“काठावर.”

“काठ असला म्हणजे झालं,” बाई म्हणाल्या, आणि तिच्या हाताला हात लागेपर्यंत हवेत हात पुढे धरून ठेवला.

साहेबांनी कायमच्या नेमणुकीचा कागद तिच्यापुढे सरकवला तेव्हा पेनाचं टोपण त्यांच्या हातातून खाली पडलं. ते उचलायला वाकून, टेबलाखालूनच ते म्हणाले, “जागा एकच रिकामी आहे. क्लोरीनची. तिथे कुणी जायला तयार नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी समजू शकतो. पण मग थांबावं लागेल, आणि किती ते मला सांगता येणार नाही.”

ती हो म्हणाली. घरी येऊन तिनं बाईंना सांगितलं.

“मास्क असतो का आता?”

“दोन असतात. मी जाऊन बघून आले.”

“बघून आलीस म्हणजे? तोंडाला लावून बघितलास?”

“लावून बघितला.”

ऑपरेशनचं सुनेनंच काढलं. बाई नाही म्हणाल्या. ज्या डोळ्यांपायी तो गेला, ते डोळे सांभाळत बसायची त्यांना लाज वाटत होती. तसं त्या बोलल्या नाहीत, पण सुनेला कळत होतं. ती समजावत बसली नाही.

“माझी पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. तुम्ही एकट्या असणार. ओटा दिसत नाही, जिना दिसत नाही. मी त्या खोलीत सिलिंडर बघू की घरी तुम्ही पडलात का याचा विचार करू? तिथे लक्ष उडालं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.”

बाई निमूट गेल्या. उशीर झाला होता. उजव्या डोळ्यात दाब वाढून आतली शीर सुकली होती. तो डोळा आता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डाव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा बाईंनी समोर उभ्या असलेल्या सुनेकडे बराच वेळ बघितलं. वर्ष उलटून गेलं होतं तिचा चेहरा नीट बघून. गाल बसले होते. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. टाकीच्या पाण्यानं हातांची कातडी सोलवटली होती.

“डोळ्यांत औषध किती वेळा घालायचं, ते नर्सला विचारून ये,” बाई म्हणाल्या.

सून नव्या जागी रुजू झाली. एके दिवशी दुपारच्या पाळीला निघताना बाई म्हणाल्या, “मला यायचंय. ती खोली बघायचीय.”

“आत सोडणार नाहीत.”

“बाहेरून बघते.”

दोघी बसनं गेल्या. फाटकावरच्या रखवालदारानं खरंच आत सोडलं नाही, पण कुंपणाच्या बाजूनं जायला हरकत घेतली नाही. जाळीच्या पलीकडे गाळणीच्या टाक्या होत्या, त्यांच्यामागे पंपांचं घर, आणि त्याहून पुढे गवतात एक बुटकी, पांढरी खोली. दार हिरवं. दाराबाहेर खुंटीला दोन मास्क.

“ती?” बाईंनी विचारलं.

“ती.”

बाईंनी जाळीला दोन्ही हातांनी धरलं. एकाच डोळ्यानं बघायचं म्हणून मान थोडी वळवली. खोली लहान होती. त्यांना वाटलं होतं, खूप मोठी असेल. एवढ्याशा खोलीतून माणसाला दारापर्यंत येता येऊ नये, हे त्यांच्या डोक्यात बसेना.

“दार बाहेर उघडतं का आत?”

“तेव्हा आत उघडायचं,” सून म्हणाली. “आता बदललंय.”

बाईंनी मान हलवली. पाळीचा भोंगा झाला. सून म्हणाली, “तुम्हाला बसमध्ये बसवून देते आधी.”

“मला बस दिसते,” बाई म्हणाल्या. “तू जा.”

सून फाटकातून आत गेली, टाक्यांच्या कडेनं चालत गेली. एकदाही मागे वळली नाही. हिरव्या दारापाशी तिनं आधी एक मास्क उतरवून तपासला, मग दुसरा, मग आत गेली. दार मागे लागलं. बाई जाळी धरून उभ्या राहिल्या. त्यांची बस आली, थांबली, निघून गेली. त्यानंतर आणखी एक गेली.